वाढीव मापाची पट्टी

आप्पांच्या पेटीत दोन पोलादी फूटपट्ट्या असायच्या. दिसायला अगदी सारख्या. पाचवीत असताना त्यातली एक मी दप्तरात टाकून शाळेत नेली आणि भूमितीच्या तासाला काढलेली माझी प्रत्येक रेघ चुकली. १० सेंटिमीटरची रेघ बाईंच्या पट्टीवर १० सेंटिमीटर आणि वर एक मिलिमीटर भरायची. मी तीनदा खोडून तीनदा काढली. तिन्ही वेळा तेवढीच चूक.

संध्याकाळी आप्पांनी पट्टी हातात घेऊन उलटी केली आणि कडेला कोरलेली बारीक अक्षरं दाखवली. "ही ओतकामाची पट्टी हाय बाळ. हिच्यावर रेघा मारत न्हाईत. हिच्यावर पॅटर्न करतात."

आप्पा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते. बिडाचा एखादा भाग ओतायचा, तर आधी त्याच आकाराचं लाकडी रूप लागतं. ते वाळूत दाबून अलगद काढून घेतात आणि मागं राहिलेल्या पोकळीत वितळलेलं बीड ओततात. बीड निवताना आकसतं, मीटरला साधारण १० मिलिमीटर. म्हणून लाकडी पॅटर्न तेवढा मोठा ठेवायचा. प्रत्येक मापाला हिशेब करत बसण्यापेक्षा पॅटर्नमेकर पट्टीच वाढीव घेतो. तिचा मीटर खऱ्या मीटरपेक्षा सेंटिमीटरभर लांब असतो. ज्याला हे ठाऊक नाही त्याच्या हातात ती पट्टी चुकीची, आणि ज्याला ठाऊक आहे त्याच्या हातात एकदम बरोबर.

ही पट्टी मला तीसेक वर्षांनी आठवली ती अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये, गॅरेजमध्ये. जानेवारीची रात्र होती, बाहेर उणे १८ अंश. समोरच्या टेबलावर मी स्वतः केलेली स्की, बर्फावरून घसरायला पायाला बांधायची लांब फळी, पडली होती, अजून कोमट, कडांना वाळलेल्या इपॉक्सी गोंदाचे काटे. तिची कमान मी साच्यात ठेवली होती त्यापेक्षा ३ मिलिमीटर जास्त भरत होती. तीनदा मोजली. तिन्ही वेळा तेवढंच.

इथे थोडं मागं जायला हवं.

मी एसेक्स जंक्शनच्या चिपच्या कारखान्यात काम करते. सिलिकॉनच्या चकत्यांवर थर चढवायचे, कोरायचे, पुन्हा चढवायचे, असं ते काम. या धंद्यात दुसऱ्याच्या नकाशावरून चिप बनवून देणाऱ्या कारखान्यालाही फाउंड्री, म्हणजे ओतशाळाच म्हणतात. आप्पांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे घरातली भट्टी काय विझली न्हाई."

बर्फावरून घसरायला मी शिकले चौतिसाव्या वर्षी, रिचमंड गावच्या एका छोट्या टेकडीवर, शाळेतल्या पोरांच्या रांगेत उभी राहून. व्हरमाँटचा बर्फ पश्चिमेकडच्या डोंगरांवरच्यासारखा भुसभुशीत नसतो. दिवसा थोडा वितळतो, रात्री गोठतो आणि सकाळी सिमेंटच्या कोब्यासारखा टणक होतो. अशा बर्फावर स्कीची पोलादी कड धरून ठेवते की नाही, यावर सगळं असतं. आणि ती कड किती धरेल, हे स्कीच्या आकारावर: मधला भाग किती अरुंद, टोकं किती रुंद, कुठे ताठ, कुठे मऊ, आणि पिळाला ती किती दाद देते.

स्की सपाट फळी नसते, हे मला तोवर माहीत नव्हतं. जमिनीवर ठेवली की ती फक्त पुढच्या आणि मागच्या टोकाजवळ टेकते. मधला भाग थोडा उचललेला राहतो. ही कमान. माणूस वर उभा राहिला की ती दबते आणि त्याचं वजन पायाखाली न साचता दोन्ही टोकांपर्यंत पोचतं. लहान वाटणारी ही ४-५ मिलिमीटरची गोष्ट नॉर्वेच्या टेलेमार्क भागातल्या शेतकऱ्यांनी ओळखली होती. त्याच भागातल्या मॉर्गेडालचा सोंद्रे नोर्हाइम १८६८ मध्ये, आजचं ओस्लो म्हणजे तेव्हाच्या क्रिस्तियानियाला, आखूड आणि कमरेत बारीक अशा आपल्या स्की घेऊन गेला आणि शहरातली माणसं बघत राहिली. स्की या शब्दाचं मूळ जुन्या नॉर्समधलं, अर्थ चिरलेलं लाकूड. आपल्याकडे ढलपी म्हणतात, त्याच्या जवळचं काहीतरी. मला हा अर्थ फार आवडतो. सगळी किमया पुढची, पण सुरुवात ढलपीतून.

आणि व्हरमाँटमध्ये राहून हॉवर्ड हेडचं नाव टाळता येत नाही. बॉल्टिमोरच्या विमान कारखान्यातला हा इंजिनिअर १९४७ च्या सुमारास इथे स्टो गावात स्की करायला आला आणि लाकडी स्कीच्या जडपणावर वैतागून परतला. विमानाचे भाग जसे दोन पत्र्यांमध्ये हलकं भरण घालून करतात, तशी स्की का करू नये, हा त्याचा प्रश्न. पहिल्या सहा जोड्या त्याने स्टोच्या प्रशिक्षकांच्या हातात दिल्या. त्यांनी वाकवून बघितल्या आणि सगळ्या मोडल्या. त्याने पुन्हा केल्या, पुन्हा मोडल्या. तीन हिवाळे हे चाललं आणि १९५० मध्ये प्लायवूडचा गाभा, वरखाली ॲल्युमिनियम आणि पोलादी कडा अशी त्याची स्की उभी राहिली. आजच्या स्कीमध्ये ॲल्युमिनियमऐवजी बहुधा काचतंतू असतात, पण सँडविचची कल्पना तीच. मला त्या मोडलेल्या जोड्यांविषयी जास्त वाटतं. प्रत्येक जोडीमागे गोंद सुकेपर्यंत कुठेतरी काहीतरी दाबून धरलेलं असणार.

कारण स्की म्हणजे शेवटी चिकटवलेले थर. तळाला दीड मिलिमीटरहून पातळ पॉलिथिलीनचा पत्रा, त्याच्या दोन्ही बाजूंनी पोलादी कडा, कडांवर रबराची पातळ फीत, मग इपॉक्सीत भिजवलेलं काचतंतूचं कापड, मग लाकडी गाभा, पुन्हा कापड, वर शोभेचा थर. हे सगळं ओलं असताना साच्यावर ठेवायचं आणि इपॉक्सी घट्ट होईपर्यंत इंच न् इंच सारख्या दाबाने धरून ठेवायचं. ते धरणारं यंत्र म्हणजे प्रेस. कारखान्यात ती तेलाच्या दाबावर चालते आणि तिची किंमत मोठ्या गाडीपेक्षाही जास्त असते. घरी करणारे अग्निशामक दलाच्या पाइपसारखा चपटा होज वापरतात. वर-खाली भक्कम पोलादी चौकट, मध्ये साचा, साच्यावर स्की, आणि स्कीच्या वर तो होज. त्यात हवा भरली की तो फुगतो. वर जायला चौकट देत नाही, म्हणून तो खाली स्कीला दाबतो. हवा कुठेही कमीजास्त दाबत नाही. कोपऱ्यात जेवढी, मध्यावर तेवढीच. क्लॅम्प कितीही लावले तरी हे त्यांना जमत नाही.

मला प्रेस बदलती हवी होती, आणि त्याचं कारण माझी लेक. ती बारा वर्षांची होती. तिला आत्ता १५० सेंटिमीटरची स्की लागते, पुढच्या वर्षी १५६ लागेल, मला १६८. दर लांबीला नवा साचा कापायचा तर गॅरेज साच्यांनीच भरलं असतं. म्हणून टोकं वळवणारे पुढचे आणि मागचे ठोकळे मी सुटे केले. लांब खाचेत ते पुढेमागे सरकवायचे आणि बोल्टने आवळायचे. मधला भाग मात्र प्लायवूडचा, ५ मिलिमीटरची कमान कापलेला, कायमचा. कमान काय बदलायची, असं मला वाटलं.

भंगारवाल्याकडून सहा इंची दोन आय-बीम, म्हणजे पोलादी तुळया, आणले. होजची सपाट रुंदी १५ सेंटिमीटर, लांबी १९०. म्हणजे २,८५० चौरस सेंटिमीटर. दाब ठरवला चौरस इंचाला ४५ पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सव्वातीन किलोच्या थोडा आत. गुणाकार केला आणि पेन खाली ठेवलं. ९ टन. सहा मोटारी एकमेकींवर रचून स्कीवर ठेवाव्यात, तेवढं. वरचा बीम वर ढकलला जाणार, खालचा खाली, आणि दोघांना बांधणाऱ्या पट्ट्या ताणल्या जाणार. बीम तुटेल का, हे मी काळजीपूर्वक काढलं. तुटत नव्हता. दोन्ही टोकांना जाड पट्ट्यांनी बोल्ट आवळले आणि चौकट झाली.

पहिली चाचणी हवेने करायची नाही, हे आप्पांनी फोनवरच बजावलं. "आदी पाणी भर. इंजिनाचं सिलिंडर ओतलं की आमी पाण्यानंच गळती बघत हुतो." पाणी दाबलं जात नाही, म्हणून त्यात जोर साठून राहत नाही. होज फाटला तरी पाणी नुसतं सांडतं. हवा मात्र स्प्रिंगसारखी साठते, आणि होज फाटला तर त्याच्या तोंडावरची पोलादी पट्टी गोळीसारखी सुटते. होम प्रेस करणाऱ्या कुणालाही मी हे पहिलं सांगेन. डिझाइनचं बाकी सगळं नंतर. मी पाणी भरलं. मागच्या तोंडाच्या दोन बोल्टांमधून झिरपलं. रबराचा पातळ तुकडा घालून पुन्हा आवळलं, पुन्हा भरलं, तासभर सोडलं, काटा हलला नाही.

सप्टेंबरच्या शेवटी पहिली स्की दाबली. हवा अजून बरी होती, इपॉक्सी तशीच सुकली असती, म्हणून तापवायची सोय केली नव्हती. एक दिवस आणि एक रात्र ती दाबाखाली राहिली. दुसऱ्या दिवशी हवा सोडली, स्की बाहेर काढली, कडा कापल्या, टेबलावर ठेवली. ती सपाट होती. कमान नाही, एका मिलिमीटरचीसुद्धा नाही. साच्यावर पट्टी लावली तर साचा तिथेच, ५ मिलिमीटर, जसाच्या तसा.

त्या रात्री व्हिडिओवर आप्पांना सगळं दाखवलं. फोन फिरवत चौकट दाखवली, होज दाखवला. ते बघत होते. मग म्हणाले, "टोकाला बांधलंयस. मदी कोण धरतंय?"

मी तुळई मोडेल का, ते काढलं होतं. वाकेल किती, ते काढलंच नव्हतं. कागद घेऊन बसले. दोन मीटर अंतर, मध्ये काही नाही, पसरलेलं ९ टनांचं ओझं: खालचा बीम मध्यावर ५ मिलिमीटर खाली जात होता. साच्यात कापलेली कमान ५, दाबाखाली हरवणारी कमान ५. दाब सोडला की बीम पुन्हा सरळ, साचा पुन्हा शहाण्यासारखा ५ दाखवणारा. पण स्की जुळली होती ती त्या वाकलेल्या क्षणात.

मजबूत असणं वेगळं आणि न वाकणं वेगळं, हे मला परीक्षेत लिहिता आलं असतं. ९ टनांखाली ते माझ्या हातून निसटलं. वाकणं अंतराच्या चौथ्या घातात वाढतं. म्हणजे तेच अंतर तिसऱ्या हिश्शावर आणलं तर वाक ८१ पट कमी होतो. दोन्ही बीमना कवेत घेणाऱ्या चार चौकटी करून घेतल्या, दोन टोकांना, दोन मध्ये. स्की आता लांबीच्या बाजूने बोगद्यात सरकवल्यासारखी आत घालायची. वाक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्याही आत आला.

याच वेळी मी तो प्लायवूडचा साचाही काढून टाकला. आप्पांना ते पटलं नाही. त्यांच्या लेखी पॅटर्न एकदाच कापायचा. दहा वेळा विचार करायचा, दोनदा मोजायचं, मग पटाशी. हलणारा, बदलता येणारा पॅटर्न म्हणजे ज्याला काय हवंय ते माहीत नाही अशा माणसाचं काम. ते असं बोलले नाहीत, पण "मग ठरवणार कवा?" एवढं म्हणाले. मला उत्तर द्यायला दोन दिवस लागले. आप्पांना आकसण्याचं माप ठाऊक होतं. त्यांच्या आधीच्या कितीतरी हातांनी ते काढून पट्टीवर कोरून ठेवलं होतं. माझ्याकडे पट्टीच नव्हती. ती मिळवायची तर प्रत्येक चुकीनंतर साचा थोडा सरकवता यायला हवा, नाहीतर प्रत्येक चुकीला नवा साचा आणि नवे दोन आठवडे.

म्हणून नवी बैठक केली. सहा मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमची लांब पट्टी, तिच्याखाली दर १० सेंटिमीटरवर एक आडवी पोलादी दांडी, अशा १३. प्रत्येक दांडीला डावीकडे एक, उजवीकडे एक बोल्ट. एकूण २६. अर्धा इंची बोल्टला इंचाला १३ आटे असतात, म्हणजे पूर्ण फेऱ्याला दोन मिलिमीटरच्या किंचित आत, आणि पाव फेऱ्याला जवळपास अर्धा. पाना हातात धरून पाव फेरा द्यायचा आणि खाली नट आवळायचा. पट्टी तीन मिलिमीटरची घेतली असती तर दोन दांड्यांच्या मध्ये ती अर्धा मिलिमीटर दबली असती आणि स्कीच्या तळाला लाटा आल्या असत्या. दहाची घेतली असती तर बोल्टांना दाद दिली नसती. सहावर येईपर्यंत मी पुष्कळ कागद खराब केले आणि त्यातला प्रत्येक कागद मला आवडला.

होज आणि स्की यांच्यामध्ये आणखी एक गोष्ट लागते. होज गोल फुगतो, त्यामुळे स्कीच्या कडांना पुरता टेकत नाही. म्हणून मध्ये पोलादी चौकोनी नळ्यांची माळ घालतात, दुकानाच्या शटरसारखी. आडवी ताठ, लांबीत लवचीक. टोकाच्या वळणावर ती स्कीला बिलगून वर चढते. ती गुंफायला लेकीने मदत केली. शटर म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं, तर तिला कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरची सकाळ सांगितली. दुकानं उघडतानाचा तो खडखडाट तिने तिथेच, गॅरेजच्या फरशीवर ऐकला.

दोन बाजूंना वेगळे बोल्ट ठेवले की एक धोका येतो. डावीकडचा आणि उजवीकडचा थोडा जरी वेगळा राहिला, तर स्कीला पीळ पडतो. कमान कमीजास्त चालते, पिळलेली स्की कुठेच चालत नाही. ती बर्फावर एका कडेला सतत ओढते. डिजिटल मापकाने मी २६ आकडे घेतले, सगळे बरोबर आले, तरी दुसऱ्या स्कीला बारीक पीळ होता. आप्पांनी सांगितलं, आकडे सोड, दोन सरळ पट्ट्या घे. एक साच्याच्या या टोकाला आडवी ठेव, एक त्या टोकाला. लांब जाऊन एक डोळा मिटून बघ. दोन्ही कडा एकमेकींवर बसल्या पाहिजेत. सुतार दार रंधताना बघतात तसं. मी फरशीवर गुडघे टेकून बघितलं. लांबच्या पट्टीचा डावा कोपरा केसभर वर दिसत होता. मापक एका ठिकाणी टेकवून मी दुसऱ्या ठिकाणचं माप घेत होते आणि ते ठिकाणच कलतं होतं. शेवटून तिसऱ्या दांडीच्या डाव्या बोल्टाला पाव फेऱ्यापेक्षाही कमी दिलं, आणि दोन्ही रेघा एक झाल्या.

गाभ्याचं लाकूड मी इथलंच घेतलं, पांढरा ॲश. व्हरमाँटमध्ये २०१८ साली एक हिरवा किडा सापडला. आशियातून आलेला, ॲशच्या सालीखाली बोगदे करून झाड वाळवणारा. तेव्हापासून रस्त्याकडेचे ॲश एकेक करून उतरवले जातायत. शेजाऱ्याच्या बांधावरचा असाच एक मोठा ॲश पाडला, त्यातला एक ओंडका मला मिळाला. इथले मूळनिवासी अबेनाकी लोक याच लाकडाच्या चौकटी वाकवून बर्फात चालायचे जोडे करत आले आहेत. चिवट, लांब धाग्याचं, वाकून परत येणारं लाकूड. त्याच्या पट्ट्या उभ्या चिकटवून रंध्याने गाभा उतरवला: मध्यावर ११ मिलिमीटर, टोकांना २. ताठपणा जाडीच्या घनात बदलतो, त्यामुळे मध्यावर अर्धा मिलिमीटर जास्त तासला गेला तर स्की दहाएक टक्क्यांनी मऊ होते. रंधा मी आप्पांसारखा चालवत नाही. पण ॲशची सलग, न तुटता निघालेली साल हातात आली की हात थांबत नाही.

थर रचायच्या रात्री घाई असते. इपॉक्सी एकदा कालवली की पाऊणेक तास हातात. लेक यादी मोठ्याने वाचायची, मी करायची. तळाचा पत्रा, खरवडून आणि ज्योत फिरवून तयार केलेला, कारण पॉलिथिलीनला एरवी काही चिकटत नाही. रबर. इपॉक्सी. कापड, ज्याचे धागे तीन दिशांनी जातात, एक सरळ, दोन तिरके. सरळ धागे वाकण्याला अडवतात, तिरके पिळाला. गाभा. पुन्हा कापड. वर मेपलचा पातळ पापुद्रा, प्लास्टिक मला नको होतं. सगळं आत सरकवायचं, शटर टाकायचं, हवा. कंप्रेसर थांबला की गॅरेजमध्ये एकदम शांतता येते. बीम कुठेतरी एकदा टणकतो. मग नुसता काटा बघत बसायचं. तिथे आपल्या करण्यासारखं काही उरलेलं नसतं आणि तरी तिथून उठवत नाही.

डिसेंबरपासून मी तापवायची सोयही केली होती. रबरात तारा गुंफलेली विजेची लांब चादर असते, ती स्कीच्या खाली-वर घालतात. थंडीत इपॉक्सी दिवसच्या दिवस ओली राहते. ८० अंशांवर ती लवकर आणि चांगली पिकते. तिसरी स्की अशी भाजून निघाली. बीम वाकत नव्हता, साच्याला पीळ नव्हता, बोल्टांवर ५ मिलिमीटर लावलेले. स्की आली ८ ची.

कोमट स्कीवर हात ठेवून मी उभी होते आणि मला ती भूमितीची वही आठवली.

पॉलिथिलीन तापल्यावर पोलादाच्या कैक पट पसरतं. ८० अंशांवर तळाचा पत्रा लांब झालेला असतो आणि त्या लांबलेल्या अवस्थेतच तो इपॉक्सीने बांधला जातो. निवताना त्याला आखूड व्हायचं असतं. वर लाकूड आणि काच, त्यांना तेवढं आकसायचं नसतं. म्हणून तळ ओढतो, दोन्ही टोकं खाली येतात आणि मध्य वर उचलला जातो. वरच्या बाजूलाही प्लास्टिक असतं तर त्याने थोडी उलट ओढ दिली असती, पण तिथे मी मेपल घातला होता. ३ मिलिमीटर कुठून आले, याचं उत्तर मीच दोन्ही हातांनी रचलं होतं.

आप्पांना सांगितलं तेव्हा कोल्हापुरात सकाळचे साडेनऊ झाले होते. ते चहाचा कप घेऊन व्हरांड्यात बसले होते. ऐकून घेतलं. मग चेहऱ्यावर आलं ते मी लहानपणी पॅटर्न फिट बसला की बघायची. "म्हंजे तुजं बी निवताना आकसतंय," ते म्हणाले. "मग दोन लाव की. पाच हुईल."

चौथी स्की दाबायच्या आधी मी १३ दांड्या एकेक करून खाली आणल्या, मधली सर्वांत जास्त, कडेच्या जवळजवळ नाहीच. दोन तास लागले. पट्ट्या ठेवून डोळा लावला. स्की बाहेर आली, ४.८. तिची जोडीदार ५.१. त्या दिवसापासून भिंतीवर वही टांगली आहे. प्रत्येक स्कीचं पान: लांबी, गाभ्याची जाडी, तापमान, २६ बोल्टांचे आकडे, काय लावलं आणि काय आलं. आप्पांना त्या पानांचे फोटो जातात. ते चष्मा लावून वाचतात आणि प्रश्न विचारतात. काही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नसतं, मग मला ते मोजायला गॅरेजमध्ये जावं लागतं.

ती जोडी फेब्रुवारीत रिचमंडच्या टेकडीवर नेली. रात्री गोठलेला, निळसर चमकणारा बर्फ होता. पहिल्या वळणाला भीती वाटली ती पडायची नाही, कानाला काही तडकल्याचा आवाज येईल याची. तिसऱ्या वळणाला कड रुतली आणि मी तिच्यावर सगळं वजन दिलं. पायाखालून ती आधी दबली, मग वळण संपताना तिने मला वर उचललं. आत कुठेतरी ॲशचा तो ओंडका होता. मी दोन वाजेपर्यंत उतरले आणि वर गेले, उतरले आणि वर गेले. इथून दक्षिणेला वुडस्टॉकला १९३४ मध्ये फोर्ड मॉडेल टीच्या इंजिनावर दोर फिरवून माणसांना टेकडीवर ओढलं होतं, अमेरिकेतला तसला पहिला दोर तो. इंजिन म्हटल्यावर आप्पांना सांगायलाच हवं, म्हणून ते संध्याकाळी सांगितलं.

आता लेकीच्या जोडीचं काम चालू आहे, १५६ ची. पुढचे टोक-ठोकळे नवे लागणार आहेत, वळण थोडं मवाळ हवंय. माझे प्लायवूडचे जुने ठोकळे दाबाने कडेला खचले. आप्पा म्हणाले, मी करून देतो. सागवान घरात आहे, हात अजून चालतो. मे महिन्यात भाऊ येणार आहे, तो घेऊन येईल. मी खऱ्या मापाचा कागदी नमुना टपालाने पाठवला. तो परवा पोचला आणि काल रात्री त्यांचा फोन आला.

"कागद बघितला," ते म्हणाले. "पर ह्ये वळण स्कीचं हाय का साच्याचं?"

स्कीचं, मी म्हटलं. मला स्की अशी हवी आहे.

"मग साच्याचं कुटंय?"

टोकाला गाभा फक्त दोन मिलिमीटर जाड असतो. आकसणारा तळ मधल्या भागापेक्षा टोकाला जास्त ओढत असणार, आणि खालच्या दिशेने. म्हणजे ठोकळा कागदापेक्षा उभा हवा. पण किती? वहीत कमानीचे आकडे आहेत, टोकाच्या उंचीचे मी कधी लिहिलेच नाहीत. पलीकडे आप्पा थांबले होते, मागे त्यांच्या आवाजाबरोबर रस्त्यावरचा हॉर्न ऐकू येत होता. मी त्यांना म्हटलं, फोन ठेवू नका, आणि बूट घालून गॅरेजचा दिवा लावला. भिंतीला सहा स्की टेकवलेल्या आहेत. पहिली सपाट, दुसरी पिळलेली, तिसरी जास्त वाकलेली, दोन माझ्या, आणि एक लेकीच्या जोडीतली अर्धवट. तिसरी खाली काढली, टेबलावर ठेवली, आणि टोकाशी पट्टी उभी धरली.